तुरुंगाचं चित्र टांगताना तुरुंगही लिहा

प्रति,
चित्रसंग्रहालयांचे क्युरेटर, प्रदर्शनं मांडणारे आणि चित्रांशेजारच्या पाट्या लिहिणारे सगळे,

सप्रेम नमस्कार.

तुरुंगाचं चित्र भिंतीवर असलं की शेजारच्या पाटीवर काय असणार, हे आता मला पाटी न वाचताही बहुतेक वेळा सांगता येतं. चित्रकाराचं नाव, जन्ममृत्यूची सालं, तैलरंग की जलरंग, चित्राचा आकार, ते कुणाच्या संग्रहातून आलं, आणि जागा उरली तर छायाप्रकाशावर दोन वाक्यं. गजांतून येणारा उजेड किती कौशल्याने टिपलाय, हे त्यात हमखास. तो उजेड ज्याच्या अंगावर पडलाय तो माणूस कोण, तो आत का आहे, त्याच्या पायात बेडी कोणत्या नियमाने आली, ती घालणाऱ्याला पैसे कोण देत होतं, यातलं काही नसतं. माझं म्हणणं एवढंच आहे की तेही लिहा.

मी चित्रकार नाही, समीक्षकही नाही. चित्रं बघायला जाणारा माणूस आहे आणि या विषयाच्या चित्रांपाशी जरा जास्त वेळ थांबतो. तुरुंगाचं चित्र ही कला तर आहेच, पण बाहेरच्याला सहसा जिथे पाऊल टाकू देत नाहीत अशा जागेची ती साक्षही आहे. साक्ष म्हणून ती वाचायची तर साक्षीदार स्वतः तिथे होता का, त्याने पाहिलं किती आणि ऐकीव किती, हे विचारावंच लागतं. ते विचारायची सोय प्रेक्षकाला तुमच्या पाटीशिवाय नाही.

लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत विल्यम हॉगार्थचं १७२९च्या सुमाराचं एक चित्र आहे. ब्रिटिश पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहाने तुरुंगांच्या चौकशीसाठी नेमलेली समिती फ्लीट तुरुंगात बसली आहे. टेबलाभोवती विग घातलेले खासदार दाटीवाटीने बसलेत. समोर फाटक्या कपड्यांतला, लोखंडात जखडलेला एक कैदी गुडघे टेकून आहे, आणि ज्याची चौकशी चालू आहे तो तुरुंगाधिकारी थॉमस बॅम्ब्रिजही तिथेच आहे. याच चित्राचं तैलरंगातलं कच्चं रेखाटन केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात आहे. ते रेखाटन एकेकाळी होरेस वॉलपोल या अठराव्या शतकातल्या इंग्रज लेखक-संग्राहकाकडे होतं. त्याने बॅम्ब्रिजच्या चेहऱ्यावर भरभरून लिहिलं. दुष्टपणा, भीती आणि मनाची टोचणी त्या चेहऱ्यावर कशी एकत्र उतरली आहे, हे त्याला इतकं भावलं की वर्णन करताना तो थकत नाही. कैद्याबद्दल मात्र तो थोडक्यात आटपतो. चिंध्यांतला, अर्धपोटी आणि चेहऱ्याने भला, बस्स. पुढच्यांनीही थोड्याफार फरकाने हेच केलं. खासदारांची नावं सापडतात, तुरुंगाधिकाऱ्याचं नाव सापडतं, समितीचे अध्यक्ष जेम्स ओगलथॉर्प पुढे जॉर्जिया वसाहतीचे संस्थापक म्हणून प्रसिद्ध झाले. खाली बसलेला माणूस ‘एक कैदी’च राहिला.

खरं तर त्या समितीच्या अहवालात नावं आहेत. त्यातलं एक जेकब मेंडेझ सोलास, हा पोर्तुगीज. देणं फेडता आलं नाही म्हणून तो फ्लीटमध्ये होता. कर्जापायी आत आलेल्या माणसाला त्या तुरुंगात बेड्या घालायचा प्रघात नव्हता. ज्यांना त्या पहिल्यांदा घातल्या गेल्या त्यांच्यात सोलास होता, असं अहवाल सांगतो. त्याला ज्या कोठडीत टाकलं तिचं वर्णनही अहवालात आहे. प्रेतं ठेवण्याच्या तळघरासारखी ती जागा. तुरुंगात कुणी मेलं की पंचनामा होईपर्यंत मृतदेह ठेवायची खोलीसुद्धा हीच. शेकोटी नाही, धुराडं नाही. उजेड येईल तो दाराच्या वरून आणि आठेक इंच चौरस भोकातून. तिथे त्या माणसाने बेड्यांत जवळजवळ दोन महिने काढले. चित्रात गुडघे टेकलेला माणूस सोलासच आहे असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही, आणि तसं पाटीवर लिहूही नका. पण याच तुरुंगात, याच अधिकाऱ्याच्या हाताखाली, याच समितीपुढे ज्याचं प्रकरण आलं त्या माणसाचं नाव कागदावर असताना आपण ते प्रेक्षकाला का सांगू नये?

आणि फक्त नाव सांगून भागणार नाही, कारभारही सांगावा लागेल. बॅम्ब्रिजने आपली जागा विकत घेतली होती. आधीचा अधिकारी जॉन हगिन्स याच्याकडून त्याने आणि त्याच्या एका भागीदाराने १७२८ मध्ये ५,००० पौंडांना फ्लीटची अधिकारपदं घेतली. एवढी रक्कम गुंतवली की ती वसूल करायची कुणाकडून, तर कैद्यांकडून. बऱ्या खोलीचे पैसे, सवलतीचे पैसे, त्रास टळावा म्हणून पैसे. रॉबर्ट कॅसल नावाचा वास्तुरचनाकार कर्जापायी इथे आला. मागितलेले पैसे त्याला देता येईनात, तेव्हा त्याला अधिकाऱ्याच्या ताब्यातल्या एका घरात हलवण्यात आलं. त्या घरात देवीची साथ होती. मला देवी आलेल्या नाहीत, तिथे पाठवू नका, अशी गयावया त्याने केली. त्याला पाठवलंच, आणि तो देवी येऊन मेला. ओगलथॉर्प त्याचा मित्र होता. समिती नेमली जाण्यामागे ही घटना आहे. कॅसलच्या खुनाचा खटला बॅम्ब्रिजवर चालला आणि तो सुटला. कॅसलच्या विधवेने पुन्हा दाद मागितली, तेव्हाही सुटला. पार्लमेंटला त्याला पदावरून दूर करायला वेगळा कायदा करावा लागला.

हे सगळं माहीत झाल्यावर त्या चित्राकडे पुन्हा बघा. त्या चित्रातल्या लोखंडाला एक किंमत होती, दरपत्रकातल्या रकमेसारखी, आणि ती देणाऱ्याच्या अंगावरून ते उतरत होतं. हॉगार्थला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तो लहान असताना त्याचे वडील कर्जापायी याच फ्लीटमध्ये होते आणि कुटुंबाला त्या तुरुंगाच्या हद्दीत राहावं लागलं होतं. चित्र ज्याने करवून घेतलं तो आर्चिबाल्ड ग्रँट समितीचा सभासद होता. १७३२ मध्ये, गरिबांना कर्ज देण्यासाठी काढलेल्या एका संस्थेच्या घोटाळ्यात नाव आल्यामुळे त्याची खासदारकी गेली. यातलं निम्मं जरी पाटीवर आलं तरी प्रेक्षक त्या चित्रापाशी नुसता रेंगाळणार नाही, वाचायला लागेल.

आता साक्षीचा प्रश्न. व्हॅन गॉगचं ‘कैद्यांची फेरी’ बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेलं असतं. मूळ चित्र मॉस्कोच्या पुश्किन संग्रहालयात आहे. उंच भिंतींच्या आत, विहिरीच्या तळाशी असावं तसं अंगण, आणि गोल रांगेत एकामागून एक चालणारे कैदी. मधला एकजण बोडका आहे, केस पिवळसर, चेहरा आपल्याकडे वळलेला. तो व्हॅन गॉग स्वतःच, असं म्हटलं जातं. फेब्रुवारी १८९० मध्ये, सँ-रेमीच्या मनोरुग्णालयात असताना त्याने ते रंगवलं. त्यामुळे चित्राबद्दल लिहिताना सगळे त्याच्या स्वतःच्या कोंडमाऱ्याबद्दल लिहितात, आणि ते चूक नाही. पण हे अंगण त्याने मनाने रचलेलं नाही. गुस्ताव दोरेने लंडनवरच्या १८७२च्या पुस्तकासाठी काढलेल्या चित्राच्या छापावरून त्याने ते घेतलं, आणि दोरेचं अंगण होतं लंडनच्या न्यूगेट तुरुंगाचं. म्हणजे या गोल फेरीत चालणारे लोक आधी न्यूगेटचे कैदी आहेत, मग व्हॅन गॉगच्या मनाची अवस्था.

हा क्रम पाटीवर उलटा होतो आणि कधी कधी पहिला भाग गळूनच जातो. मला हे खुपतं. कैद्यांना दिवसातला ठरावीक वेळ उघड्यावर आणून असं गोल फिरवणं ही तुरुंगाची शिस्त होती, ते काही रूपक नव्हतं. चित्रात उजवीकडे खाली उंच हॅट घातलेले गृहस्थ उभे आहेत, तेही दोरेकडूनच आलेत. तुरुंग बघायला पाहुणे यायचे, आणि स्वतः दोरेही तसाच पाहुणा म्हणून आत गेला होता. म्हणजे आपण आज चित्रासमोर उभे राहून जे करतो, तेच करणारी माणसं चित्राच्या आतच उभी आहेत. प्रेक्षक वर भिंतीवरची दोन पांढरी फुलपाखरं शोधून खूश होतात. त्या गृहस्थांकडे कुणाचं लक्ष जात नाही, कारण पाटी बोट दाखवत नाही.

ज्याने तुरुंग भोगलाय तो चित्र कसं वाचतो, याचं माझ्या माहितीतलं सगळ्यात बोलकं उदाहरण रशियातलं आहे. वालेरी याकोबीचं ‘कैद्यांचा मुक्काम’ हे १८६१चं चित्र, आता त्रेत्याकोव्ह गॅलरीत. सायबेरियाकडे पायी निघालेली टोळी वाटेत थांबली आहे. गाडीवर एक कैदी मरून पडलाय आणि बरोबरचा अधिकारी त्याची पापणी उचलून खात्री करून घेतोय. गाडीखालून दुसरा एक कैदी मेलेल्याच्या बोटातली अंगठी काढतोय. चित्राला अकादमीचं सुवर्णपदक मिळालं. त्याच वर्षी ‘व्रेम्या’ या मासिकात प्रदर्शनावर एक लेख आला, जो दोस्तोयेव्हस्कीचा मानला जातो. ओम्स्कच्या तुरुंगात चार वर्षं बेड्यांत काढून आलेला तो माणूस. लेखातला एक आक्षेप बेड्यांवर आहे. चित्रातल्या बेड्या उघड्या पायावर चढवलेल्या दिसतात. प्रत्यक्षात लोखंडाखाली कातडं असतं. ते नसेल तर इतकं अंतर चालणाऱ्याच्या पायाचं मांस राहणार नाही.

रंग, रचना, करुणा, सगळं नावाजून झालं होतं. बेडीखालचं कातडं नाही, हे सांगायला बेडी घालून चाललेला माणूस लागला. फुलांचं जुनं चित्र असलं की तुम्ही वनस्पती ओळखणाऱ्याला बोलावता. जहाजाचं चित्र असलं की दोर आणि शिडं जाणणाऱ्याला विचारता. रंगाच्या थराखाली काय आहे यासाठी तर क्ष-किरण लावता. मग तुरुंगाच्या चित्रासाठी तुरुंगातून सुटून आलेल्या माणसाला का बोलावत नाही? त्याला दिसेल ते तुम्हाआम्हाला दिसणार नाही. फ्रँक हॉलच्या १८७८च्या न्यूगेटच्या चित्रात खटल्याची वाट पाहणाऱ्या कैद्यांना भेटायला आलेल्या बायका आणि मुलं गजांच्या अलीकडे आहेत, कैदी पलीकडे. आपण त्यात दुःखी चेहरे बघतो. मुलाखतीच्या रांगेत कधी उभी राहिलेली बाई आधी गजांमधलं अंतर बघेल, पहारेकरी कुठे उभा आहे ते बघेल, लेकराचा हात पलीकडे पोचतो का ते बघेल, आणि मनात हिशेब करेल की इथून बोललेलं ऐकू तरी जात असेल का. ती जे सांगेल ते पाटीवर आलं पाहिजे.

दयाळू पाहुण्यांची चित्रं हा वेगळाच प्रकार आहे, आणि त्याबद्दल थोडं स्पष्ट लिहितो. तुरुंगसुधारणेसाठी झटणाऱ्या एलिझाबेथ फ्राय न्यूगेटच्या बायकांपुढे बायबल वाचतायत, हे जेरी बॅरेटचं चित्र. प्रसंग १८१६चा म्हणून दाखवलाय. फ्राय १८४५ मध्ये वारल्या आणि चित्र त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झालं. न्यूगेटमधल्या वाचनाचं दृश्य पुढे बँक ऑफ इंग्लंडच्या ५ पौंडांच्या नोटेवर आलं आणि २००२ ते २०१७ लाखो लोकांच्या हातून फिरलं. फ्राय यांचं काम मोठं होतं यात शंका नाही. १८१३ मध्ये त्या पहिल्यांदा आत गेल्या तेव्हा सुमारे ३०० बायका आणि त्यांची मुलं अपुऱ्या जागेत कोंबलेली होती. पण १८१७ मध्ये तिथे जी सुधारणा झाली ती फक्त वाचून दाखवण्याने झाली नाही. नियम एकेक करून कैदी बायकांपुढे ठेवले गेले आणि त्यांनी हात वर करून ते मान्य केले. मुलांसाठी शाळा सुरू झाली तेव्हा शिक्षिका म्हणून बायकांनी आपल्यातलीच एक निवडली, मेरी कॉनर. घड्याळ चोरल्याबद्दल ती आत होती.

चित्रात फ्राय वाचतात आणि बायका ऐकतात. हात वर करणाऱ्या बायका नाहीत, शिकवणारी मेरी कॉनर नाही. चित्रकाराला काय दाखवायचं होतं ते त्याने दाखवलं, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण ते चित्र मांडणाऱ्याने चित्रात काय नाही हेही सांगायला हवं. नाहीतर तुरुंगात बदल म्हणजे वरून आलेल्या चांगल्या माणसाची कृपा, कैदी म्हणजे खाली मान घालून ती स्वीकारणारी गर्दी, असंच मनात राहतं. फ्रान्सिस व्हीटलीने १७८७ मध्ये जॉन हॉवर्डला एका कैदी कुटुंबाला मदत करताना रंगवलं, तिथेही हेच. हॉवर्डची खरी कामगिरी पैसे किंवा अन्न वाटण्यात नव्हती. १७७३ मध्ये बेडफर्डशायरचा शेरीफ झाल्यावर त्याने पाहिलं की निर्दोष सुटलेली माणसंसुद्धा तुरुंगाधिकाऱ्याची फी भरता येत नाही म्हणून आत अडकून आहेत. तो तुरुंगामागून तुरुंग पाहत गेला, मोजत गेला, आणि १७७४ मध्ये पार्लमेंटने ती फी बंद करणारा कायदा केला. मदत करणारा हात चित्रात सुंदर दिसतो. फीचं दरपत्रक चित्रात दिसत नाही, म्हणून ते पाटीवर यायला हवं.

काही चित्रांत तुरुंग दिसतच नाही, तिथे तर तुमची जबाबदारी आणखी वाढते. पॅरिसच्या कम्यूननंतर, म्हणजे शहरातलं अल्पकाळ टिकलेलं बंडखोर सरकार मोडल्यावर, गुस्ताव कुर्बेला नेपोलियनच्या विजयाचं स्मारक असलेला वांदोम स्तंभ पाडल्याच्या प्रकरणात सहा महिन्यांची कैद आणि ५०० फ्रँक दंड झाला. १८७१ मध्ये तो सँत-पेलाजी तुरुंगात गेला. त्या काळातली त्याची चित्रं म्हणजे सफरचंदं आणि फुलं. काहींवर त्याने सहीजवळ तुरुंगाचं नाव घातलंय. ‘स्थिरचित्र, सफरचंदं’ एवढीच पाटी लावली तर चित्रकाराने स्वतः लिहिलेली गोष्टच आपण झाकून टाकतो. फ्रेंच राज्यक्रांतीत अटक झालेला ह्यूबेर रोबेर सँ-लाझारच्या तुरुंगात जेवणाच्या मातीच्या ताटल्यांवर रंगवायचा. तिथला लांबलचक बोळ आणि कैद्यांपर्यंत पोचणारी शिधासामग्रीही त्याने रंगवली. त्या चित्रांत आक्रोश नाही, माणसं वेळ काढताना दिसतात, आणि मला ती फार खरी वाटतात, कारण कैद म्हणजे मुख्यतः वेळच.

ऑस्ट्रियाचा चित्रकार एगॉन शीले याने १९१२ मध्ये २४ दिवस कैदेत काढले, त्यातले बरेचसे न्योलेंगबाखच्या कोठडीत. खाटेवर ठेवलेल्या एका संत्र्याचं त्याचं जलरंगातलं चित्र आहे, ‘एक संत्रं हाच एकमेव उजेड होता’ अशा शब्दांसकट. बाकी सगळं फिकं, कळकट आणि मधोमध ते संत्रं. तिथे पाटीवर तो कशासाठी आत होता हेही सरळ लिहा. मुलांच्या नजरेला पडतील अशी कामुक चित्रं ठेवल्याबद्दल तो दोषी ठरला होता. मी कैद्यांना संत करायला सांगत नाही. याकोबीच्या चित्रात मेलेल्याची अंगठी चोरणाराही कैदीच आहे. गुन्हा असेल तर गुन्हा लिहा, नुसतं देणं असेल तर देणं लिहा, मत असेल तर मत लिहा. ‘कैदी’ एवढ्यावर सोडलं की बघणारा आपल्या मनातला गुन्हा त्याच्या माथी मारतो.

‘चित्राला बोलू द्यावं, आपण मध्ये येऊ नये,’ हे उत्तर मी बरेचदा ऐकलंय. या उत्तराला स्पॅनिश चित्रकार गोयाइतका चांगला जबाब दुसरा नाही. १८१० ते १८१५च्या सुमारास त्याने साखळदंडांत वाकवून बांधलेल्या कैद्यांची तीन छोटी कोरीव चित्रं केली आणि तिन्हींना स्वतःच शब्द जोडले. एक म्हणतं, बंदोबस्त गुन्ह्याइतकाच रानटी आहे. दुसरं म्हणतं, कैद्याला सांभाळायला छळाची गरज नाही. तिसरं म्हणतं, अपराधी असेल तर लवकर मरू द्या. त्याच काळात, १८११ मध्ये, कादिझला जमलेल्या स्पेनच्या प्रतिनिधीसभेने छळ करून जबानी घेण्यावर बंदी घातली. गोयाला वाटलं असतं तर त्या वाकलेल्या पाठी आणि बांधलेले पाय त्याने शब्दांविना सोडले असते. त्याने पाटी लिहिली, आणि ती छायाप्रकाशावर नव्हती.

उलट बाजूही मान्य करतो. सगळीच चित्रं खऱ्या तुरुंगाची नसतात. इटालियन कलावंत पिरानेसीच्या ‘कारचेरी’ (म्हणजे ‘तुरुंग’) या कोरीव चित्रमालिकेतले जिने, दोरखंड, झुलते पूल आणि न संपणाऱ्या कमानी त्याच्या डोक्यातल्या आहेत. १७५०च्या सुमारास त्याने ती कोरली आणि १७६१ मध्ये आणखी काळोखी करून पुन्हा काढली. तिथे ‘कल्पित’ असं ठळक लिहा. तुरुंग म्हणजे प्रचंड, भव्य, भयाण काहीतरी अशी जी प्रतिमा लोकांच्या मनात आहे, ती घडवण्यात अशा चित्रांचा हात आहे. खरा तुरुंग बहुधा अरुंद असतो, कोंदट असतो आणि त्यात फार माणसं असतात. दोन्ही चित्रं एकाच भिंतीवर लावून एकाच सुरात पाटी लिहिली की हा फरक पुसला जातो.

आणखी एका चित्रापाशी तुम्हाला न्यायचंय. माल्टात व्हॅलेटाच्या सेंट जॉन कॅथीड्रलमध्ये काराव्हाज्जोचं, येशूला बाप्तिस्मा देणाऱ्या संत योहानाच्या शिरच्छेदाचं चित्र आहे, १६०८चं. पाच मीटरांहून रुंद. डावीकडे वध चाललाय. मारेकऱ्याचा वार पुरा झालेला नाही आणि त्याचा हात पाठीमागच्या खंजिराकडे गेलाय. सगळे लेख तिथेच थांबतात, आणि सांडलेल्या रक्तात काढलेल्या चित्रकाराच्या सहीपाशी. उजवीकडे भिंतीत गज लावलेली एक खिडकी आहे आणि तिच्यातून दोन कैदी मान वाकडी करून बघतायत. पुढे त्यांचं काय होणार हे चित्र सांगत नाही. त्यांना मात्र कळलंय की या अंगणात काय होतं. चित्र पुरं झाल्यावर त्याच वर्षी काराव्हाज्जो स्वतः माल्टात कैदेत पडला, पळाला, आणि डिसेंबरात त्याला माल्टावर राज्य करणाऱ्या धर्मयोद्ध्यांच्या सरदारमंडळातून काढून टाकायचा विधी झाला तो याच चित्रासमोर. पाटीवर त्या दोघांसाठी एक ओळ ठेवा. चित्रातला अर्धा भाग जवळजवळ रिकामा ठेवून चित्रकाराने त्यांना तिथे उगाच उभं केलेलं नाही.

जागेची अडचण मला ठाऊक आहे. पाटी लहान असते, लोक उभ्या उभ्या वाचतात, कुणी दोनशे शब्द वाचत नाही. म्हणून हॉगार्थच्या चित्रासाठी मीच एक मसुदा करून बघितला. तुम्ही तो खुशाल बदला, सुधारा, अभ्यासकांकडून तपासून घ्या:

“समितीसमोर गुडघे टेकलेला माणूस कोण, हे नक्की ठाऊक नाही. या तुरुंगात कर्जापायी आलेल्यांपैकी जेकब मेंडेझ सोलास याला प्रेतं ठेवायच्या खोलीत बेड्या घालून सुमारे दोन महिने ठेवल्याची नोंद समितीने केली. तुरुंगाधिकारी बॅम्ब्रिजने आपलं पद विकत घेतलं होतं आणि तो कैद्यांकडून पैसे वसूल करत असे. न्यायालयात तो सुटला. पार्लमेंटने कायदा करून त्याला पदावरून काढलं. चित्रकाराचे वडील कर्जापायी याच तुरुंगात होते.”

साठेक शब्दांत हे बसतं. चित्राचा आकार आणि रंगाचं माध्यम खाली बारीक अक्षरात राहू द्या, त्यालाही माझी हरकत नाही.

ज्या चित्रांचे कागद तुमच्याच दप्तरात किंवा सरकारी अभिलेखागारात उपलब्ध आहेत, तिथून सुरुवात करता येईल. चौकशी समित्यांचे अहवाल, तुरुंगांच्या नोंदवह्या, खटल्यांची टिपणं यांत नावं असतात, वयं असतात, गुन्हे आणि शिक्षा असतात. एखाद्या चित्रातल्या माणसाचं नाव मिळणारच नाही, तिथे ‘नाव नोंदलेलं नाही’ असं लिहा, रिकामं सोडू नका. आणि पाटीचा मसुदा छापायला जाण्याआधी तुरुंगातून आलेल्या एका तरी माणसाला चित्रासमोर उभं करून वाचायला द्या. तो जे खोडायला सांगेल ते खोडा. त्याच्या वेळेचं मानधन द्या, जसं बाकीच्या तज्ज्ञांना देता.

नव्या पाट्या लागल्या की कळवा. वाचायला नक्की येईन.

आपला,
तुरुंगाच्या चित्रांपाशी थांबणारा एक प्रेक्षक